भिंत गार आहे

७ मे

आजपासून मी स्त्रेमेनच्या तटाची पहारेकरीण. सतरा वर्षांची होईपर्यंत मेंढ्या राखल्या, आता माणसं राखायची. मेंढ्या निदान सांगितलेलं ऐकतात, असं आई निघताना म्हणाली. डोंगर उतरून यायला दीड दिवस लागला. वेशीवर हवालदार स्तोइमेन स्वतः घ्यायला उभे होते. साठीचे गृहस्थ, पिवळट मिश्या, बोलणं गोड. त्यांनी आधी पनीर भरलेली गरम बानित्सा पोटभर खायला घातली आणि मग बूट दिले. कोरे, माझे स्वतःचे. आमच्या घरात कोरे बूट आजवर कुणी घातले नव्हते. मी चार वेळा काढून पुन्हा घातले.

दुपारी पेन्चो शिंपी आला. त्याने मला चौकाच्या मधोमध भर उन्हात उभं केलं, हलू नको म्हणाला, आणि खाली बसून लाल दोरीने माझी सावली मापली, टाचेपासून डोक्यापर्यंत. अंगाला दोरी लावलीच नाही. मला हसू आवरेना. आमच्या वस्तीवर शिंपी नाही, आई नजरेनेच कपडे बेतते. म्हटलं, शहरात अशी रीत असेल. गावंढळ दिसायला नको म्हणून काही विचारलं नाही.

१० मे

काम अगदी सोपं आहे. दक्षिणेची भिंत गेल्या वर्षी ढासळली होती, ती नव्याने बांधली आहे. सकाळी आणि दुपारी तिच्या आतल्या अंगाला तळवा लावायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, भिंत गार आहे. ती बाजू दिवसभर सावलीत असते, गार नाही तर काय असणार? पण हवालदार म्हणतात, ऊब धरली की भिंत पक्की झाली असं समजायचं.

माणसं इथली प्रेमळ, पण उन्हाला भलतीच भितात. गवंडी कामावर असले की चौक ओस पडतो, सगळे सावलीच्या कडेकडेने चालतात. पाववाली रूसा मला बघून डोळे पुसत होती. मी म्हटलं, मावशी, एवढं ऊन लागतं तर डोक्यावर पातेलं घेऊन फिरा. ती हसली नाही.

डगला मिळाला. जुना आहे, आणि इतकं माप घेऊनही बाह्या बोटांखाली लोंबतात. कॉलरला आतून 'झ्लाता' असं नाव भरलंय. ही कोण, असं विचारलं तर माझ्याआधीची पहारेकरीण, आता वेशीच्या बुरुजात असते, असं हवालदार म्हणाले. जेवण झाल्यावर बुरुजावर जाऊन आले. तिथे कबुतरं होती फक्त.

हवालदारांनीच कागद आणून दिला, घरी खुशाली कळव म्हणाले. धाकटी बहीण असेल तर तिलाही बोलाव, पश्चिमेच्या भिंतीचं काम लवकरच निघेल. मिल्काला दोन पानं भरून लिहिलं. त्यातलं एक पान नुसतं बुटांवर.

१९ मे

पायांना मुंग्या येतात. टाचेत खिळा घुसला होता, ते मोजा लाल झाल्यावर कळलं. दुखलं नाही.

आज भिंत कोमट लागली. तसं ओरडले, तर खालच्या गल्लीतल्या बायका खिडक्यांत येऊन रडल्या आणि एकमेकींना मिठ्या मारल्या. रूसाने मला अख्खा पाव दिला. बायकांना एवढं काय झालं ते कळेना.

२७ मे

गुडघ्यांपर्यंत काही जाणवत नाही. चालता येतं, पण पाय खाली टेकला की नाही ते बघावं लागतं. वैद्य आला, नाडी न बघताच गेला. लोक क्विन्सचा मुरंबा आणून ठेवतात, ताक आणतात. तोंडाला चव नाही.

दुपारी वेशीपाशी बसले होते, पाठीला सपाटून खाज सुटली. हात पोचेना. मग लांब दक्षिणेच्या भिंतीकडे नजर गेली. गवंड्यांची बकरी तिच्यावर शिंगं घासत होती. बकरीला हाकललं. खाज थांबली.

भिंत चांगलीच ऊबदार आहे. माझा हात गार.

३० मे

रूसाला धरून विचारलं. ती पिठाच्या पोत्यावर बसून सांगत गेली. सावली मापलेली दोरी कोपऱ्याच्या दगडाखाली चिणतात. जिची सावली, ती चाळीस दिवसांत भिंतीत जाते. मग भिंत पडत नाही. इथल्या पोरांना हे बोलायला लागल्यापासून ठाऊक असतं, म्हणून पहारेकरी डोंगरावरून आणतात. दोरी काढायची तर सगळी भिंत उतरवावी लागेल, आणि भिंतीखालच्या गल्लीत रूसाचंच घर आहे.

हवालदारांकडे गेले. ते नाकबूल झाले नाहीत. डोकं खाली घालून म्हणाले, "रायना, मागच्या वर्षी ती पडली तेव्हा माझी दोन नातवंडं खाली खेळत होती. तू मला काय हवं ते म्हण, पोरी. ऐकून घेईन."

मला राग यायला हवा होता. मी बराच वेळ वाट बघितली. आला नाही. भीती मात्र आहे, कुठेतरी छातीच्या मागे, लहानशी. ती मिल्कासाठी आहे.

२ जून

पळाले. पूल ओलांडला. तिसऱ्या मैलाच्या दगडाशी बरगड्या करकरल्या आणि मागे शहरात घंटा वाजायला लागल्या. भिंतीला तडा गेला होता. चार माणसांनी मला परत उचलून आणलं. किती हळू उचललं त्यांनी. एक जण सारखी माफी मागत होता.

तडा सकाळपर्यंत बुजला.

८ जून

मिल्काचा निरोप आला. लोकरीच्या गाड्यांबरोबर निघते आहे, पंधराला पोचेल. बूट तिच्याही मापाचे असतील का, असं विचारलंय.

येऊ नको म्हणून तीन पत्रं लिहिली. तिन्ही हवालदारांच्या खिशात आहेत. ते लपवतही नाहीत.

पंधरा तारीख म्हणजे माझा चाळिसावा दिवस. मी बोटांवर मोजलं. बोटं दिसतात म्हणून मोजता आली.

१२ जून

कंबर गेली. मला वेशीवरच्या खोलीत खिडकीशी बसवून ठेवलंय. खालीच चौक दिसतो.

बाहेरून कुणीतरी भिंतीला टेकून पाव खातंय. त्याचा खांदा मला कळतो. माझा कळत नाही.

१४ जून

जीभ जड. रूसाला सांगायचं होतं, तिला वाटेत अडव — शब्द झाला नाही. रूसाने तोंड पुसलं माझं.

उजवा हात आहे अजून. मनगट, कोपर.

पश्चिमेचा पाया खणून तयार —

१५ जून

आली. वाढली आहे. केसांना माझी निळी रिबीन.

मला खिडकीत बघून हात हलवतेय. मला तो वर उचलता येत नाही, खांदा गेलाय. तिला वाटलं असेल, पहाऱ्यावर आहे म्हणून.

बूट दिले. चारदा काढून घातले तिनेही.

पेन्चो आला. दोरी लाल. तिला चौकात मधोमध —

ढग आला. ऊन गेलं. सावली नाही. सगळे वर बघत थांबलेत. ती हसतेय.

वही खिडकीच्या कडेवर आहे. लिहून झालं की कोपराने ढकलायची. तिच्या पायाशी पडेल.

मिल्का, हे आधी वाच. बूट टाक. दक्षिणेच्या भिंतीकडे पळ —

पानावर ऊन येतंय. कडेपासून —

मिल्का, ती भिंत मी आहे. घाबरू नको. माझी सावली आता खूप मोठी आहे, तिच्यात तुझी कुणाला सापडणार नाही. पाठ माझ्याकडे करून, अगदी चिकटून उभी राहा, मी तुला