मुकी गिरणी

मंगळवार, १० जून

गिरणीचं डिझेल इंजिन गेलं एकदाचं! भंगारवाला घेऊन गेला. सौलोसी असता तर हात लावू दिला नसता. पण तो जाऊन दोन पावसाळे झाले. नवऱ्यामागं त्याचं इंजिन मी एकटीनं किती दिवस ओढायचं?

आता चुंबकाची मोटर. छपरावर सौर पट्ट्या, भिंतीवर एक डबा. बसवायला ब्लांटायर शहरातून तावोंगा नावाची पोरगी आली होती. म्हणाली, साधी मोटर मका असो-नसो वीज ढोसत बसते. हा डबा चुंबकाचं तोंड कुठं आहे ते क्षणोक्षणी हुडकतो आणि तिथंच, लागेल तेवढाच रेटा देतो. म्हणून थोड्या उन्हात भागतं.

बरं आहे. या घरात कुणीतरी कुणाला विचारतंय, कुठं आहेस म्हणून.

आवाज अजिबात नाही. इंजिनाचं टुकटुक समोरच्या टेकडीपर्यंत जायचं. कान सुटले!

गुरुवार, १२ जून

मोटर अडली. दोन हिसके दिले आणि गप्प. चूक माझीच – आधीच मका ओतला. तावोंगा बजावून गेली होती, "माई, आधी रिकामी फिरू द्या. चुंबक थांबलेलं असलं की डब्याला त्याचा पत्ता लागत नाही." पण थांबतंय कोण! सगळा मका ओंजळींनी उपसला, तेव्हा फिरली. दळला तो माझाच मका. पीठ असं मऊ! दाखवायला कुणी नव्हतं.

शनिवार, १४ जून

चिपेरोनीचा गार वारा सुटलाय, सगळीकडं धुकं. खालचं गाव दिसत नाही. ऊन उतरलं की डबा मोटरीचा वेग उतरवतो, पण बंद पडू देत नाही. शहाणा आहे. दळायचं काय पण? एक बाई फिरकली नाही. एनेलेसी तर रोज पहिली यायची – पिठात कोंडा राहिला म्हणून भांडायला.

रविवार, १५ जून

ऊन पडलं. कुणी आलं नाही.

बुधवार, १८ जून

सगळ्या खालच्या गिरणीत जातात. तिचं टुकटुक इथवर येतं. जाऊ देत! मी काय पाया पडायला उतरू?

दुपारी मोटर रिकामीच फिरवली आणि शेजारी बसले. असंच चाललं तर तावोंगाला सांगावं लागेल, घेऊन जा. मग मी या टेकडीवर करायचं काय?

शुक्रवार, २० जून

सकाळी खालून मयताचं गाणं ऐकू आलं. बाया चढून आल्या – डोक्यावर मयताच्या घरी न्यायची लाकडं, पिठाच्या टोपल्या. पुढं एनेलेसी. मला दारात बघून तिची टोपली पडली.

कोण गेलं, विचारलं.

"तू," ती म्हणाली. "घरात मयत असलं तरच गिरणी गप्प असते. आम्ही निरोपाची वाट बघितली. मग म्हटलं, हिच्यामागं निरोप सांगायला आहे कोण?"

रडायच्या तयारीनंच आल्या होत्या. रडल्या.