दाढेसारखी फुलं

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट न पाहता मीच लिहायला बसलेय, कारण स्वस्थ बसवत नाही. आमच्या दातांच्या लॅबमध्ये यंत्र आलंय. एकवीस वर्षं मी मेणात दात कोरून कवळ्या केल्या. आता ते यंत्र तोंडाचा फोटो बघतं आणि चहा निवायच्या आत दाढ बाहेर काढतं. सांगायला जड जातं, पण दाढ चांगली निघते गं.

साहेब म्हणाले की यंत्र चालवायला शिका, नाहीतर पॅकिंगला बसा. काय ते महिनाअखेर सांगा. यंत्राचं शिक्षण शनिवार-रविवारी आहे. आणि नेमका तेव्हाच, आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, केक सजवायचा क्लास आहे. तीन महिन्यांचा. जाहिरातीचा कागद मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. घरातलं कपाट तीनदा लावून झालं. हे म्हणतात, आता मोजे शोधायला पोलीस बोलवावे लागतील.

तू तीस वर्षं बेकरी चालवतेस. क्लास लावण्यात अर्थ आहे का, तूच सांग. हो म्हण, नाही म्हण, पण लवकर म्हण.

भावोजींना नमस्कार. तुझा जीव माझ्यावर आहेच, तो तसाच असू दे.

तुझी,
भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. क्लास नको.

मी कुठल्या क्लासला गेले होते? भट्टीशी उभी राहिले, हात पोळले, शिकले. फुलं काढायला तीन महिने कशाला? आणि तुझे नव्याचे नऊ दिवस मला ठाऊक आहेत. शिवणाचं मशीन, बासरी, काचेच्या पेटीतले ते मासे. कुणाचं काय झालं ते लिहायला लावू नकोस. मुकाट्याने यंत्र शिक. पन्नाशी जवळ आली, आता तरी एका जागी थांब.

जास्त लिहीत नाही, गडबडीत आहे. तब्येतीला जप.

तुझी,
ताई

१६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, राग आला आणि त्या रागातच क्लासला जाऊन आले. पहिला दिवस बघण्यापुरता असतो. सगळ्या विशी-बाविशीच्या मुली, मी, आणि एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर. बाईंनी क्रीमची पिशवी हातात दिली आणि गुलाब काढायला सांगितले. मी बारा काढले. मला वाटलं, आता शाबासकी. बाई वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या की फुलं अगदी एकसारखी आलीत, जशी काही दाढांची रांग. मग सुरीने बाराही खरवडले, क्रीम परत भांड्यात टाकलं आणि म्हणाल्या, पुन्हा. ताई, माझं काम असं कुणी कधी खरवडलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हरकाकांनी स्वतःचा गुलाब दाखवला, तेव्हा मात्र हसू आलं. तो कोबी होता.

आता जावं की नाही, काही सुचत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

पण एक विचारू? तुझं पत्र म्हणजे नेहमी चार पानं. या वेळी अर्धं पानसुद्धा नाही, आणि अक्षर खाली खाली घसरत गेलंय. तुझी लेक फोनवर बोलून गेली की केकच्या ऑर्डरी हल्ली आई घेत नाही, आणि मग घाईने फोन ठेवला. काय लपवते आहेस?

लवकर लिही. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
भिंगरी

२४ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी सांगतेय आणि लेक लिहितेय. मध्येमध्ये ती स्वतःचं काही घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (मावशी, आई डॉक्टरकडे जात नाही.)

उजवं मनगट गेलं. बोटं बधिर होतात, पिशवी दाबली की कळ थेट कोपरापर्यंत जाते. मार्चमध्ये एका लग्नाच्या केकवर नवरा-नवरीची नावं लिहीत होते. हात असा थरथरला की नवरीचं नाव वाचताच येईना. पुसून पुन्हा लिहायला वेळ नव्हता, तसाच पाठवला. मुलीची आई दुसऱ्या दिवशी आली. भांडली नाही. नुसती म्हणाली की तुमच्याकडून असं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी फक्त पाव आणि बिस्किटं करते.

 मला वाटलं होतं, तुला शिकायचंच असेल तर माझ्याकडे येशील. म्हणून नको म्हटलं. दुसरं कारण नव्हतं. इकडे ये. मी शेजारी उभी राहून सांगीन, हात तुझे. एका वर्षात बेकरी सांभाळशील.

येशील ना? ताईचा शब्द कधी मोडला नाहीस.

तुझी,
ताई

१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन कागद फाडून हा चौथा लिहितेय.

मी येत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होते, पण ते वाटणारच. आठवतं, शाळेत असताना माझी चित्रं तू पुरी करून द्यायचीस? एकदा बक्षीसही मिळालं, तुझ्या चित्राला माझ्या नावाने. तुझ्याकडे आले तर मी तुझ्यासारखी फुलं काढीन आणि ती चांगली येतील. मला माझी वाईट फुलं काढायची आहेत. ती कुणी खरवडली तर पुन्हा काढायची आहेत.

काल साहेबांना सांगितलं, मी पॅकिंगला बसते. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की का? तिथून उठून तशीच क्लासचा फॉर्म भरून आले. अर्थ आहे की नाही, हे अजून कळलेलं नाही. भीती मात्र खूप वाटतेय. रात्री ह्यांना म्हटलं, चुकलं तर? ते म्हणाले, निदान कपाट तरी जागच्या जागी राहील.

आणि मनगट डॉक्टरला दाखव. विनवत नाही, सांगतेय. पहिल्यांदाच सांगतेय, तेव्हा ऐक.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

१४ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू मला नाही म्हणालीस. दोन दिवस घुश्श्यात होते. तुझ्या भावोजींना पाव करपलेले खावे लागले. तिसऱ्या दिवशी उठले आणि डॉक्टरकडे गेले. मनगटाचं छोटं ऑपरेशन आहे, पुढच्या सोमवारी. नंतर तीन आठवडे हाताला काम नाही. केकवर पुन्हा नाव लिहिता येईल का, असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर मी विसंबलेली नाही.

बेकरी तीन आठवडे बंद ठेवतेय. तीस वर्षांत पहिल्यांदा. इथे राहिले तर भट्टीपाशी जाईनच, म्हणून टाके काढले की तुझ्याकडे येतेय. तू खुशाल क्लासला जा. मी फुलं कशी काढायची ते सांगणार नाही, आणि तूही मला विचारायचं नाहीस. मी नुसती खिडकीशी बसेन.

पण भिंगरे, नुसतं बसायचं कसं, ते मला येत नाही गं. त्याचा कुठे क्लास असेल, तर चौकशी करून ठेव.

हात बांधला जाणार असला तरी आशीर्वाद मोकळाच आहे.

तुझी,
ताई