ताकातली कारल्याची पूड

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनातल्या मनात तुमच्याशी बोलताना माझा आवाज अजून कडक होतो. सांगलीच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे आम्ही वनस्पतींमधला गुणकारी अंश काढतो आणि त्याच्या कणाकणावर मेणाचं पातळ कवच चढवतो. जिभेला चव कळत नाही. पोटात गेल्यावर कवच विरतं आणि आतलं मोकळं होतं. हे शिकायला मिळावं म्हणून मी पाटणचं स्थळ नाकारून आष्ट्याहून निघाले, तेव्हा तुम्ही दारात उभं राहून सगळ्या भावकीला ऐकवलंत, "आजपासनं आमाला पोरगी न्हाई."

पुढे तुम्हाला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला कारल्याचा रस घ्यायला सांगितला, तो तुम्ही पहिल्याच घोटाला थुंकलात. आईनं हे फोनवर सांगितलं आणि मी कामाची वेळ संपल्यावर थांबून कारल्यावर कवच चढवायला लागले. पहिली पूड कडूच राहिली, दुसरीच्या ताकात कालवताच गुठळ्या झाल्या. शेवटी जमली. डॉक्टरांना विचारून मी ती आईच्या हाती दिली, आणि ती रोज गुपचूप तुमच्या ताकात कालवू लागली.

एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: चुलतभावाच्या लग्नासाठी मी घरी आले आहे. स्वयंपाकघरात मी कोथिंबीर निवडतेय आणि तुम्ही माझ्याकडे न बघता जेवताय. ताकाचा पेला संपवून आईला म्हणता, "लय झ्याक झालंय गं आज. आनिक घाल." आई पेला भरते, पण तिला राहवत नाही. किती आनंदानं सांगते ती, "आवं, कारलं हाय त्यात! आपल्या पोरीनं केलीया पूड. कडू लागलं का कवा?"

तुम्ही उठता. भरलेला पेला मोरीत ओतता.

"तिच्या हातचं हाय न्हवं? मग कडूच."

त्यानंतर तुम्ही घरात ताक घेणंच सोडलंत. पुढे पायाला जखम झाली, ती चिघळली, पाय कापावा लागला. दवाखान्यात मी उशाशी बसलेली असताना तुम्ही पाणी मागायचात ते नर्सकडे. माझ्या पुडीनं तुमचा पाय वाचला असता असं मी म्हणत नाही. तेवढं शास्त्र मला कळतं. पण पोरीच्या हातचं प्यायला तुम्हाला एवढं जड का जावं, हे कुठल्याच शास्त्रात मला सापडलं नाही. जाताना एकदा नुसतं बघितलं असतंत, तरी चाललं असतं.

आता ती पूड लोक घेतात. परवा एका सभेत कुणीतरी विचारलं, हे काम कुणासाठी सुरू केलंत? "आईसाठी," मी म्हणाले. नेहमी हेच सांगते.

आईला साखर कधीच नव्हती, आबा.