तू ‘कळवतो’ म्हणाली होतीस

आई,

‘प्रिय’ लिहिलं नाही, कारण आज तू मला प्रिय नाहीस. दोन दिवसांनी होशील पुन्हा, माझा राग टिकत नाही हे तुला माहीतच आहे. म्हणून तर तो आहे तोवर लिहून घेतोय. पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध, आणि त्याच्या आत माझं लग्न उरकायचं असं काल मामाने ठरवून टाकलं. मला न विचारता. शोभतो तुझा भाऊ!

तुझ्या दशक्रियेला काय झालं ते सांगतो. सायखेड्याच्या घाटावर सगळा गोतावळा उभा, ऊन चढत चाललेलं, आणि पिंडाला कावळा शिवेना. आत्या म्हणाली, “चहा लय आवडायचा तिला.” कपात चहा ठेवला. तरी नाही. मग मामा पुढे झाला आणि हात जोडून मोठ्यांदा म्हणाला, “ताई, संदीपची काळजी करू नको. वर्षाच्या आत बोहल्यावर चढवतो त्याला. शब्द हाय माझा!” आणि आला की गं कावळा! बायका रडायला लागल्या. मीही रडलो. वाटलं, हिचा जीव माझ्यातच अडकला होता.

तेव्हापासून मामा तो शब्द घेऊन फिरतोय. वर्षाच्या आत नाही झालं तर तीन वर्षं थांबायचं, म्हणजे मी चाळिशीत. आताच कुणी मुलगी देत नाही. रोपवाटिका चांगली चाललीय, पण हल्ली सगळ्यांना शेती पाहिजे, शेतकरी नको. काल त्याने फोनवर एक फोटो दाखवला. लांबच्या खेड्यातली, जेमतेम विशीतली मुलगी, कॅमेऱ्याकडे न बघता उभी.

“गरिबाची हाय. मान वर करून बोलायची नाय कधी,” मामा म्हणाला. हा गुण म्हणून सांगत होता!

“तिला विचारलं का?”

“तिला काय विचारायचं? तिच्या बापाला विचारलंय ना.”

आणि मला चांदवड आठवलं, आई. तुला आठवतं का?

बाबा गेल्यानंतर आपण बघायला गेलो ती पहिलीच मुलगी. वैशाली. पोह्यांचा ट्रे घेऊन आली, बसली. तू विचारलंस, “पोहे तूच केलेस ना गं?” हा प्रश्न घरोघर होतो आणि त्याचं उत्तर एकच असतं, मग पोहे कुणीही केलेले असोत. ही म्हणाली, “नाही. काकूने केलेत. मला केव्हाची साडीच नेसवत होते.” मी फस्सकन हसलो. तिच्या वडिलांना ठसका लागला. तू मात्र हसली नाहीस. निघताना उंबऱ्यात चपला घालता घालता त्यांना म्हणालीस, “कळवतो.”

जीप हायवेला लागायच्या आतच मी तुला सांगितलं होतं, “आई, मला पसंत आहे.” याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? तू म्हणालीस, “बघू. तोंडाची फटकळ हाय.” आणि आठवडाभराने चुलीपुढे बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता, “त्यांचाच नकार आला. नोकरीवाला पाहिजे म्हणं.” मी विश्वास ठेवला. आईच्या बोलण्यावर ठेवतात तसा. त्यानंतर कितीतरी वर्षं नोकरीवाला माणूस दिसला की माझं डोकं फिरायचं!

यंदा उन्हाळ्यात टोमॅटोच्या रोपांसाठी एक बाई आली. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी, प्रत्येक ट्रेमध्ये बोट खुपसून बघणारी. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. वैशाली! घटस्फोट घेऊन ती आता वडिलांकडेच असते, त्यांची शेती बघते. रोपं न्यायला आली, मग औषध कोणतं मारू विचारायला आली, मग नुसतीच आली. एकदा धीर करून मी विचारलं, “तुम्ही तेव्हा ‘नाही’ का म्हणालात?”

तिने हातातला ट्रे खाली ठेवला. “आम्ही? तुमच्या आई कळवतो म्हणाल्या होत्या. आमचे दादा वाट बघत बसले.”

वाट बघत बसले, आई! एका घराशी बोलणं चालू असताना दुसरीकडे मुलगी दाखवू नये, म्हणून तिच्या त्या भल्या बापाने आलेली दोन स्थळं परत पाठवली. तुला फोन केले, तू उचलले नाहीस. दिवाळी उलटली. लोक विचारायला लागले, कशावरून मोडलं, मुलीतच काही आहे का? मग घाबरून, पुढचं जे घर आलं तिथे घाईघाईने दिली तिला. त्या घरात काय झालं ते ती फार सांगत नाही. “तिथंही त्यांना माझं बोलणं आवडलं नाही,” एवढंच म्हणाली, आणि मुलीचा हात ट्रेमधून बाहेर काढला.

‘नाही’ म्हणायला काय जात होतं गं तुझं? बाजारात भाव पटला नाही तर भाजीवालीला तोंडावर सांगायचीस. मग तिथे जीभ का जड झाली? “तोंडावर नकार देऊ नये, वाईट दिसतं,” तूच म्हणायचीस. हे चांगलं दिसलं?

आणि नंतर तुझी पाळी आली. तू माझ्यासाठी दारोदार फिरलीस आणि सगळे तुला म्हणाले, “कळवतो.” न्हाणीत जातानासुद्धा फोन बाहेर मोरीच्या कट्ट्यावर ठेवायचीस, वाजला तर ऐकू यावा म्हणून. तेव्हा एकदाही तुला चांदवडचा तो माणूस आठवला नाही? दवाखान्यात माझा हात धरून म्हणालीस, “माझ्यामागं तुला भाकर कोण देईल?” मी म्हणालो, भाकरी मला येते. तू रडलीस. मला वाटलं मायेने रडतेस. असशीलही. तू गेल्यापासून घरात पाय ठेवला की अजून तुला हाक मारतो मी, इतकी तुझी सवय आहे. पण तेव्हा तरी खरं सांगायचंस ना! तिथल्या तिथे माफ करून टाकलं असतं. आता कुणावर ओरडू? फोटोवर?

काल मामाला वैशालीचं सांगितलं. तो उसळलाच. “सोडलेली? एका पोरीची आई? ताईला चाललं असतं का? अरे, कावळ्याला शब्द दिलाय मी!”

“कावळ्याला दिलेला शब्द पाळायचा, आणि चांदवडच्या माणसाला दिलेला?”

“तो काय शब्द होता? तसं म्हणायची पद्धत हाय.”

पद्धत! मी त्याला फोटो फोनमधून काढून टाकायला सांगितलं आणि त्या मुलीच्या बापाला माझ्यासमोर फोन लावायला लावला. “नाही” म्हणालो. स्पष्ट, पहिल्याच वाक्यात. जीभ झडली नाही माझी.

वैशालीला मी विचारलंय. तिला, तिच्या वडिलांना नाही. ती हो म्हणाली नाही आणि कळवतेही म्हणाली नाही. म्हणाली, “माझं उत्तर मागून. आधी दादांना त्यांचं उत्तर द्या. ते अजून काकूला म्हणतात, तुझ्या पोह्यांत मीठ जास्त झालं होतं.”

उद्या सकाळी चांदवडला चाललोय. त्यांच्या समोर बसणार आणि सांगणार, दादा, आमच्याकडून कळवायचं राहून गेलं होतं. मुलाला मुलगी पसंत होती. पोहेही चांगले झाले होते. त्यानंतर वैशाली नाही म्हणाली तर ते ऐकून परत येईन. आणि हो म्हणालीच, तर लग्न वर्षाच्या आतही नाही आणि तीन वर्षांनीही नाही, तिच्या मुलीला शाळेची सुट्टी लागेल तेव्हा.

तुला एक वचन देतो. या घरातून यापुढे कुणाला ‘कळवतो’ जाणार नाही. हो तर हो, नाही तर नाही.

तुझ्या वर्षश्राद्धाला पान वाढेन. चहाही ठेवेन, जास्त साखरेचा. पण या वेळी कुणालाच कावळ्याला शब्द देऊ देणार नाही. यायचं तर ये, नाहीतर बस झाडावर. वाट बघणं काय असतं, जरा तुलाही कळू दे.

तुझाच,
संदीप