धरणाखालचं घर

गुरुवार, १९ जानेवारी १९८९, अंबरनाथ

मानसोपचाराच्या ओपीडीत आज झोप न लागणाऱ्या हिरूबाईंचा केसपेपर लिहिला. ठरलेला प्रश्न विचारला, "मावशी, घर कुठं तुमचं?"

"बारवीच्या पाण्याखाली. दारात चिंच हाय."

मी लिहिलं, 'स्थळाचं भान नाही.' कागद डॉक्टरांकडे गेल्यावर हिरूबाईंचा भाऊ सहज बोलला, "ताई, गाव धरणात गेलं आमचं."

माझ्या त्या ओळीवर उद्या गोळ्या ठरणार. एवढी घाई का केली मी?

आत्ता संध्याकाळचं पाणी आलंय. बारवी धरणाचंच. चिंचेच्या फांद्यांतून फिरून आलं असेल का? हंडा कधीचा भरून वाहतोय, मी नुसती बघत बसलेय.

उद्या जाऊन आधी ती ओळ खोडायची. लिहायचं, घर पाण्याखाली आहे. दारात चिंच आहे.