सावधान, गाडी मागे येत आहे

२ जानेवारी
संकल्प. यंदा सासऱ्यांची गाडी चालू करणार. स्वतः. घरी. मेकॅनिकचं तोंड पाहणार नाही.

तीस वर्षं विमा कंपनीत मोटार अपघाताचे क्लेम नाकारले. गाडीत काय काय बिघडू शकतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आता रिटायर झालोय, वेळच वेळ.

ताडपत्री काढली. गंज आहे, पण वरवरचा. डाव्या दाराला बोट लावून पाहिलं. बोट आत गेलं. तरी वरवरचाच.

इंजिन मात्र सासरे असल्यापासूनच जाम आहे. ते बदलायचं. जुनं काढायचं, दुसरं बसवायचं. बल्ब बदलतो तसं. ही म्हणाली, मागचा बल्ब कुणी बदलला होता ते आठवा. बायकोने नवऱ्याला हुरूप द्यावा अशी रीत आहे, पण ही नोकरीने मुद्रितशोधक. छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढते आणि उरलेल्या घरी घेऊन येते.

५ जानेवारी
मेहुणा वरच्या मजल्यावरून खाली आला. घर बहीण-भावाचं अर्धं अर्धं, त्यामुळे गाडीही अर्धी त्याची. त्याला शेड रिकामी हवी आहे, स्वतःची नवी गाडी ठेवायला. भंगारवाल्याशी बोलणं झालंय म्हणाला.

हिने खिडकीतून शेडकडे पाहिलं. या गाडीवर हिच्या वडिलांनी हिला गाडी शिकवली. आमची गल्ली बंद, शेवटी वळायला जागा नाही, म्हणून त्यांनी आधी रिव्हर्स शिकवला. म्हणायचे, पुढे काय कुणीही जातं, गल्लीतून नीट मागे येता आलं पाहिजे. हिने तीन महिने फक्त मागे गाडी चालवली. मग कुठे पुढचा रस्ता पाहिला.

मी टेबलावर हात आपटून म्हणालो, ३० जूनला ही रिटायर होतेय. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता छापखान्याच्या दारात मी हिला घ्यायला जाणार. याच गाडीतून. मेहुणा म्हणाला, ठीक. ३० जूनला गाडी स्वतःच्या ताकदीवर गेटबाहेर पडली तर माझा हक्क सोडला. नाही पडली तर भंगारात. ही माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं कौतुकाने. चहा सांडला होता, तो नंतर पुसला.

१९ जानेवारी
इंजिन मागच्या बाजूला आहे. पुढचं बॉनेट चार दिवस उघडून शोधत होतो, ही गोष्ट कुणाला सांगायची गरज नाही.

२ फेब्रुवारी
जुनं इंजिन निघालं! शेडच्या तुळईला साखळी बांधून उचललं. तुळई थोडी वाकली. शेडला आता जरा वेगळा आकार आलाय, पण पाणी वाहून जायला तो उलट चांगला.

इंजिन ठेवायचं कुठे? तूर्त बैठकीच्या खोलीत. वर टेबलक्लॉथ घातला. संध्याकाळी हिची मैत्रीण आली, तिने त्यावर कप ठेवला. म्हणजे उपयोगी आहे.

१० फेब्रुवारी
शेजारचे डॉक्टर येऊन गेले. दातांचे. गंज पाहून त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, ही कीड आहे, वरून रंग मारून भागणार नाही, खोल कोरायला हवी. दवाखान्यातलं जुनं ड्रिल घेऊन आले आणि मागच्या मडगार्डाशी दोन तास बसले. मध्येच मडगार्डाला विचारलं, दुखतंय का? सवयीने असेल. दोन भोकं त्यांनी सिमेंटने भरली. म्हणाले, आज या बाजूने काही चावू देऊ नका.

असा माणूस मिळायला भाग्य लागतं. मेहुणा गॅलरीतून बघत होता. बघू दे.

२७ फेब्रुवारी
नवीन इंजिन आलं. एका पार्सल व्हॅनचं. व्हॅन पुढून चेपलेली, इंजिन मागे असल्याने शाबूत. सोबत वायरींचा मोठा गुंता फुकट. त्यात एक छोटा डबा आहे. व्हॅन रिव्हर्समध्ये गेली की त्यातून एक बाई बोलते: सावधान, गाडी मागे येत आहे. बॅटरीला लावून पाहिलं. आवाज खणखणीत. हा डबा बसवणारच. जुन्या गाडीत आधुनिक सुरक्षा.

३ मार्च
कार्बोरेटर कुकरमध्ये घातला. तीन शिट्ट्या. चकचकीत निघाला. कुकर तसा निघाला नाही. ही काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

११ मार्च
नवा विचार. इंजिन बाहेर आहेच, तर गिअरबॉक्सही उघडून धुऊन घ्यावा. डॉक्टरांनी विचारलं, त्याला काही झालंय का? म्हटलं, तुम्ही दात दुखायच्या आधी तपासायला सांगता ना? त्यांनी लगेच पाना उचलला.

माझी शिस्त अशी: कुठलाही पार्ट सुटा करायच्या आधी फोटो. नंतर फोटो बघून उलट क्रमाने बसवायचं. मागच्या कॅमेऱ्याने नुसता पार्ट येतो. पुढच्या कॅमेऱ्याने मीही येतो. उद्या कुणी विचारलं हे काम कुणी केलं, तर पुरावा हवा. म्हणून सगळे फोटो पुढच्या कॅमेऱ्याने. काहींत पार्ट थोडा कोपऱ्यात गेलाय, पण मी बरा आलोय.

गिअरबॉक्सच्या पोटात एक भलंमोठं दातेरी चक्र निघालं. डॉक्टर भारावले. इतके निरोगी दात त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

१३ मार्च
हिला फोटो दाखवले. वाटलं, म्हणेल किती राबताय. तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, टोपीवरची अक्षरं उलटी आलीत. आमच्या कंपनीची टोपी मी कामाच्या वेळी घालतो. नाव खरंच उलटं दिसतं. म्हणाली, अक्षरं उलटी तर बाकीचंही उलटंच असणार, डावं-उजवं बघून घ्या.

म्हटलं, टोपी वाचायची नाहीये, गिअरबॉक्स बघायचाय. फोनचा दोष असतो एकेक. चूक काढल्याशिवाय हिला घास उतरत नाही.

२२ मार्च
आज शेडमध्ये गेलो तर ही गाडीत बसलेली. गाडीला सध्या ना इंजिन, ना मागची सीट, ना डावं दार. स्टिअरिंगवर दोन्ही हात, आणि मान मागे वळवून मागच्या काचेतून बघत होती. काचही नाहीये. मी खोकलो, तशी उतरली आणि म्हणाली, कपडे वाळत घालायला आले होते. शेडमध्ये दोरी नाही.

ही गाडी भंगारात जाता कामा नये. बस.

संकल्प: उद्यापासून सकाळी सहाला काम सुरू.

२३ मार्च
पाठ दुखते. उद्यापासून.

८ मे
गिअरबॉक्स बंद केला. उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत दोन महिने लागले, पण एक एक पार्ट अगदी फोटोत आहे तिथे. चक्र डाव्या बाजूला, फोटोत डाव्या बाजूला. शेवटी तीन वॉशर आणि एक स्प्रिंग उरली. कंपन्या जास्तीचेच पार्ट घालतात, हे क्लेम खात्यात असतानाच लक्षात आलं होतं.

मेहुण्याने भंगारवाल्याला आणून गाडी दाखवली. भंगारवाल्याने इंजिनाच्या जागी हात घालून पाहिला आणि मला विचारलं, तुम्हीच केलंय का? अभिमानाने हो म्हटलं. तो मेहुण्याला म्हणाला, मी ३० जूनला टेम्पो घेऊनच येतो.

१२ जून
इंजिन सुरू झालं! पहिला धूर बैठकीच्या खोलीत शिरला, दुसरा मेहुण्याकडे. डॉक्टरांनी मला मिठी मारली.

गाडी ठोकळ्यांवर आहे, चाकं अधांतरी. पहिला गिअर टाकला, चाकं फिरली. दुसरा, तिसरा, चौथा. काय फिरत होती! डॉक्टर वाकून म्हणाले, ही उलटी फिरताहेत का हो? त्यांना समजावून सांगितलं. सिनेमात टांगा जोरात पळतो तेव्हा चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तसं. दृष्टिभ्रम. डॉक्टर म्हणाले, पण पहिल्या गिअरमध्ये तर हळूच फिरत होती. म्हटलं, तुम्ही दात बघा.

ही कामावरून आली तेव्हा इंजिन चालूच ठेवलं होतं. पर्स हातात धरूनच ही शेडच्या दारात आली. म्हणाली, बाबांच्या गाडीचा आवाज असा नव्हता. आणि पुढे म्हणाली, पण आवाज आहे. रात्री जेवताना स्वतःहून म्हणाली की छापखान्यात सगळ्यांना सांगितलंय, नवरा वडिलांची गाडी घेऊन येणार म्हणून. सगळे थांबणार आहेत बघायला.

२९ जून
ठोकळे काढले. गाडीचं तोंड गेटकडे. मेहुणा गॅलरीत चहा घेऊन बसलेला. मी टोपी घातली, पहिला गिअर टाकला आणि ऐटीत क्लच सोडला.

गाडी शेडच्या मागच्या पत्र्यातून बाहेर गेली.

चुकून रिव्हर्स पडला असणार. पुन्हा पहिला. आणखी मागे. दुसरा टाकून पाहिला, आणखी जोरात मागे. डॉक्टरांची कुंपणाची मेंदी आता नाही. मग नाइलाजाने रिव्हर्स टाकला. डब्यातली बाई बोलली, सावधान, गाडी मागे येत आहे, आणि गाडी हळूहळू पुढे आली.

थोडक्यात: मागे जायला चार गिअर, पुढे जायला एक. चक्र विरुद्ध बाजूला बसलंय असं दिसतं. पुन्हा उघडायचं तर दोन महिने. हातात एक दिवस.

मेहुणा वरून एवढंच म्हणाला की टेम्पो उद्या साडेसहाला येईल. ही अजून कामावर होती. घरी आल्यावरही हिला काही सांगितलं नाही. पत्रा वाऱ्याने पडला म्हणालो. वारा नव्हता.

विचार केला तर घाबरण्यासारखं काही नाही. माणसाला पुढे जायला एका वेळी किती गिअर लागतात?

३० जून
आमची गल्ली ज्या रस्त्याला लागते त्याच रस्त्यावर छापखाना, पुढे सरळ. चालत पंधरा मिनिटं. म्हणून चारलाच निघालो. गेटबाहेर गाडी स्वतःच्या ताकदीवर पडली, हे मेहुण्याने पाहिलं. तो म्हणाला, मागे येत आहे म्हणतेय ती बाई. म्हटलं, अट गेटबाहेर पडायची होती, बाईच्या बोलण्याची नव्हती. तो म्हणाला, गाडी परत आली तर बोलू.

रिव्हर्स गिअर फार चालवला की इंजिन तापतं, हे आज कळलं. दर विजेच्या खांबापाशी थांबावं लागलं. डॉक्टर रस्ता मोकळा करायला पुढे चालत होते. त्यांना सारखं थांबून माझी वाट बघावी लागत होती. मध्ये ते एका ओळखीच्या पेशंटची अक्कलदाढ बघून आले. काठी टेकत चाललेले एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले आणि बाईचा आवाज ऐकून घाईने परत फिरून फुटपाथवर चढले. सगळा रस्ताभर ती बाई: सावधान, गाडी मागे येत आहे. डबा बंद करायची तार कुठली ते फोटोत होतं. कुठल्या बाजूला, ते नक्की नव्हतं.

पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. छापखान्याचं दार बंद. वॉचमन आत गेलेला. ही एकटी पायरीवर बसली होती, मांडीवर फुलांचा गुच्छ. सगळे साडेपाचपर्यंत थांबले, मग एकेक करत गेले, म्हणाली. जाताना प्रत्येकाने विचारलं, येतोय ना?

तीस वर्षांत क्लेम नाकारल्याची इतकी कारणं लिहिली, पण आज एकही आठवलं नाही. शेवटी म्हणालो, फोटो उलटे निघाले.

ही म्हणाली, लांबूनच ऐकलं. सावधान, मागे येत आहे, आणि गाडी तोंड पुढे करून येतेय. एवढं म्हटलं आणि हसायला लागली. हसता हसता पुन्हा पायरीवर बसली. गुच्छातली फुलं सांडली. मी हिला किती वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुराने.

मग उठली, चष्मा पुसला आणि म्हणाली, सरका तिकडे.

गाडी वळवलीच नाही. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा माझ्या सीटमागे, मान मागे. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. बाई एकदम गप्प झाली. मी समोर बघत बसलो होतो, छापखाना लहान लहान होत गेला. डॉक्टर मागून पळत येत होते, म्हणजे समोरून. येताना दोन तास लागले होते, जाताना चार मिनिटंही नाही.

गल्लीत टेम्पो उभा होता. हिने तो चुकवून गाडी गेटमधून थेट शेडमध्ये एका दमात आत घेतली. कुठे खरचटलं नाही. मेहुणा काही बोलायला तोंड उघडून उभा होता. हिने खिडकीतून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सासरे असेच पाहायचे. त्याने तोंड मिटलं आणि टेम्पोवाल्याला गल्लीतून मागे कसं जायचं ते दाखवायला गेला. टेम्पोवाल्याला जमेना. शेवटी तोही हिनेच काढून दिला.

एकूण पाहता माझी योजना यशस्वी.

१ जुलै
सकाळी सहाला शेडमधून आवाज आला. जाऊन पाहिलं. हिने माझी टोपी घातली होती आणि गिअरबॉक्स खाली उतरवायला घेतला होता. म्हणाली, आता वेळच वेळ आहे.

मला दोन कामं दिली आहेत. बैठकीच्या खोलीतलं इंजिन बाहेर नेणं, आणि मागेल तो पाना हातात देणं. फोटो काढायला मनाई आहे.

तेराचा मागितला. मी बाराचा दिला.