पेगन म्हणजे गावातला माणूस

लेस्टर, रविवार संध्याकाळ

उगाच बोलले का मी?

लेकीच्या, मैत्रेयीच्या, होणाऱ्या सासरी आज जेवायला गेलो होतो. जावयाच्या आजींनी सहज विचारलं, "तुम्ही चर्चला जात नाही, म्हणजे पेगन ना?"

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणाले. मैत्रेयी मान खाली घालून बसली.

व्याही लॅटिन शिकवतात. ते घाईने म्हणाले, "मूळ शब्दात शिवी नाही. पेगन म्हणजे गावातला माणूस. खेड्यांनी जुने देव सोडले नाहीत, म्हणून पुढे 'ख्रिस्ती नसलेला' असा अर्थ झाला, म्हणतात."

गावातला! तोच शब्द लागला मला. तोंडातून निघूनच गेलं, "मग आम्ही पेगनसुद्धा नव्हतो. माझ्या आजोबांना गावात राहायला बंदी होती. आमची वस्ती वेशीबाहेर."

आजी हळूच 'सॉरी' म्हणाल्या. पण माझं लक्ष मैत्रेयीकडे. इथेच वाढलेली पोर. तिला हे मी कधी सांगितलंच नव्हतं. तिला जपत होते, की लाजत होते?

घरी आल्यावर ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तुझा वस्ती कुठे होता? मला सगळं सांग."

खालून हाका मारतेय. जाते.